भावापासून हिश्शापर्यंत : दि. बा. पाटील यांची वाटचाल

(मावळ तालुक्यातील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी घाटाखालच्या एका माणसाविषयी बोलणार आहे. दिनकर बाळू पाटील. सगळा रायगड जिल्हा त्यांना 'दि. बा.' म्हणून ओळखतो. त्यांचे गाव उरण तालुक्यातले जासई. लोणावळ्याहून खंडाळ्याचा घाट उतरावा, खोपोली मागे टाकावी, पनवेल ओलांडावे, की खाडीच्या अंगाला जासई लागते. मतदारसंघांची फेररचना झाल्यानंतर, २००९ च्या निवडणुकीपासून, उरण, पनवेल आणि कर्जत हे मावळ लोकसभा मतदारसंघात आले. म्हणजे कागदावर आपण आणि जासईकर एकाच घरचे झालो आहोत. पण कागदाच्या किती तरी आधी एका गोष्टीने आपल्याला बांधून टाकले होते. दोघांच्याही जमिनी मुंबईच्या वाटेवर आहेत.

मुंबईच्या वाटेवर जमीन असणे म्हणजे काय, ते मावळच्या माणसाला सांगायला नको. वळवण, लोणावळा आणि शिरवटा या तळ्यांचे पाणी घाटाखाली सोडून १९१५ साली खोपोलीला वीज तयार झाली. ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. पुढे आंदर मावळात ठोकळवाडीचे धरण झाले, मुळशीचे झाले. पवनेचे धरण झाले, त्याचे पाणी पिंपरी-चिंचवडला गेले. पवना धरणग्रस्तांच्या दोन पिढ्या पुनर्वसनाच्या अर्जांत गेल्या. द्रुतगती मार्ग झाला. औद्योगिक वसाहती झाल्या. प्रत्येक वेळी सरकारचा माणूस आला, 'सार्वजनिक प्रयोजन' असे म्हणाला आणि एक आकडा सांगून गेला. तो आकडा घ्यायचा आणि बाजूला व्हायचे, एवढेच शेतकऱ्याचे काम.

दि. बां.चे मोठेपण असे, की त्यांनी हा हिशेबच बदलायला लावला. आकडा वाढवून मागणारे पुढारी पुष्कळ झाले. पण माझ्या जमिनीवर जे शहर उभे राहणार त्यात माझा हिस्सा किती, हा प्रश्न सरकारला घेरून विचारणारा आणि त्याचे उत्तर सरकारी निर्णयात लिहून घेणारा पुढारी म्हणून दि. बां.चे नाव पहिले घ्यावे लागते.

आगऱ्याचा पोर वकील होतो

दि. बां.चा जन्म १३ जानेवारी १९२६ चा. आगरी समाजातले शेतकऱ्याचे घर. भातशेती, मिठागरे आणि खाडीची मासळी या तिन्हींवर जगणारा हा समाज. खाऱ्या पाण्याला बांध घालून त्याने खारेपाटाची जमीन पिढ्यान्‌पिढ्या राखली. बांध फुटला की वर्षाचे पीक गेले. अशा जमिनीची किंमत तिच्या उत्पन्नावरून काढायला बसलेल्या अधिकाऱ्याला त्या बांधावर खपलेले हात दिसत नाहीत.

त्या भागाला लढ्याची सवय होती. दि. बा. चार वर्षांचे होते तेव्हा, २५ सप्टेंबर १९३० रोजी, त्यांच्याच तालुक्यात चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्यात नाग्या कातकरी हुतात्मा झाला. आपल्या मावळातल्या कातकरी वाड्यांवर हे नाव ठाऊक असायला हवे. तिकडे अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे खोतांची जमीन कसायचीच नाही असा संप केला. शेतकऱ्यांचा संप, तोही सहा वर्षांचा! त्या लढ्याच्या मागे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडले. दोन्ही धडे त्या मातीत होते. रस्त्यावर उभे राहायचे, आणि कायद्याच्या भाषेतही बोलायचे.

दि. बा. कायदा शिकले, वकील झाले. त्या काळात आगऱ्याच्या पोराने काळा कोट घालणे ही साधी गोष्ट नव्हती. कोर्टाची पायरी चढायची ती आरोपी म्हणून किंवा कुळाच्या दाव्यात, हीच तोवरची रीत. शेतकरी कामगार पक्षात ते गेले आणि १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, पनवेलमधून विधानसभेवर निवडून आले. पुढे एकूण पाच वेळा आमदार, १९७७ आणि १९८४ साली खासदार, आणि १९७२ ते १९७७ या काळात विधानसभेत विरोधी पक्षनेते. सत्तेची खुर्ची नाही, लाल दिवा नाही. तरीही खाडीकाठच्या गावांत त्यांचा शब्द मंत्र्याच्या शब्दापेक्षा जड होता.

शहर कुणाच्या पैशाने बांधायचे?

आता मुख्य गोष्ट. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी कल्पना मांडली की मुंबई वाढवायची तर खाडीपलीकडे नवे शहर वसवावे. कल्पनेत खोट नव्हती. १७ मार्च १९७० रोजी 'सिडको' स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घ्यायचे ठरले.

पण शहर बांधायला पैसा कुठून आणायचा? तिजोरीतून फारसा द्यायचा नव्हता. हिशेब असा होता की जमीन शेतीच्या भावाने घ्यायची, रस्ते, पाणी, वीज आणून ती विकसित करायची, भूखंड चढ्या भावाने विकायचे आणि त्या नफ्यातून शहर उभारायचे. म्हणजे नव्या मुंबईचे भांडवल कुणी दिले? बँकेने नाही, उद्योगपतीने नाही. खारेपाटातल्या आगरी-कोळी शेतकऱ्याने दिले. फक्त त्याला भागीदार म्हणून कुणी विचारले नाही. भांडवल देणाऱ्याला मोबदला देऊन घराबाहेर काढायचे, हा धंदा जगात कुठे चालतो? शेतकऱ्याच्या बाबतीत तो कायद्याने चालत होता.

तो कायदा १८९४ सालचा, इंग्रजांचा. त्याची गोम वकील असलेल्या दि. बां.ना बरोबर कळली होती. त्या कायद्यात कलम ४ ची अधिसूचना निघाली की जमिनीचा भाव त्या तारखेला गोठत असे. निवाडा दहा वर्षांनी होवो की बारा वर्षांनी, भाव त्याच जुन्या तारखेचा. मधल्या काळात तांदूळ महाग होतो, लग्न महाग होते, शेजारी सिडकोचा भूखंड सोन्याच्या भावाने विकला जातो. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर मात्र १९७० सालच ठाण मांडून बसलेले! ना विकता येते, ना कर्ज मिळते, ना पोराला घर बांधता येते.

जानेवारी १९८४

सत्तरच्या दशकात मोर्चे झाले, निवेदने झाली, सभागृहात भाषणे झाली. उरण तालुक्यातल्या जमिनींचा ताबा घेण्याची वेळ आली तेव्हा गावे आडवी झाली. १६ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला, पागोटे परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. चिर्ले, धुतुम आणि पागोटे या गावांतले पाच शेतकरी ठार झाले. आजही त्या दोन दिवशी तिथे हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते.

भावांनो, मावळात हे सांगताना आवाज जड होतो. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आपले लोक उतरले. गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. त्यात एक माउली होती. दोन्ही घटनांत सत्तावीस वर्षांचे अंतर आहे. जमीन आणि पाणी यांचा प्रश्न चर्चेने सोडवायचे ज्यांच्या हाती होते, त्यांनी तो पोलिसांच्या हाती दिला, ही गोष्ट मात्र दोन्हीकडे एकच.

१९८४ च्या गोळीबारानंतर दि. बा. काय करतात याकडे सगळ्यांचे डोळे होते. सूडाची भाषा करणे सोपे होते. त्यांनी लोक एकत्र ठेवले आणि मागणी अधिक नेमकी केली. त्याच वर्षाच्या अखेरीस लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती लाट; महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या पाचांत एक जागा कुलाब्याची होती आणि तिथून दि. बा. निवडून आले. पाच हुतात्म्यांच्या गावांनी दिलेले ते उत्तर होते.

साडेबारा टक्के म्हणजे काय?

या लढ्यातून जे निघाले त्याला सारा महाराष्ट्र 'साडेबारा टक्के' म्हणून ओळखतो. १९९० साली राज्य सरकारने निर्णय केला आणि १९९४ साली तो सुधारून घेतला. संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ शेतकऱ्याला परत द्यायची, असे तत्त्व ठरले. आधी मोबदला घेऊन बसलेल्यांनाही त्यात धरले.

हिशेब आपल्या भाषेत मांडू. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातले तीस टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होतात. हाती राहिले साडेतीन गुंठे. चाळीस देऊन साडेतीन! कुणी म्हणेल, हा कसला विजय? म्हणूनच जरा थांबून विचार करा. ते साडेतीन गुंठे भाताचे नाहीत, शहराचे आहेत. त्यांवर इमारत उभी राहते, काही भागात दुकाने काढता येतात. शहराचा भाव वाढला की त्यांचाही वाढतो. मोबदल्याचा पैसा एका लग्नात आणि एका मोटारसायकलीत संपतो. हिस्सा संपत नाही. भाव ही एका दिवसाची गोष्ट आहे, हिस्सा ही पिढ्यांची. शेतकरी हा विकासाच्या आड येणारा दगड नाही, तो विकासाचा भागधारक आहे, हे सरकारने पहिल्यांदा आपल्या सहीने मान्य केले. दि. बां.च्या सगळ्या राजकारणाचे सार या एका ओळीत येते.

हे तत्त्व पुढे फिरत राहिले. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले; तिथल्या शेतकऱ्यांनी तीच मागणी लावून धरली. आपल्या शेजारी १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण झाले, तिथेही साडेबारा टक्क्यांचा झेंडा उभा राहिला आणि सुरुवातीच्या वर्षांत जमीन गेलेले शेतकरी मागे राहिले म्हणून भांडत राहिले. २०२१ साली ते प्राधिकरणच विलीन झाले, पण मागणी विलीन झाली नाही. नवी मुंबई विमानतळासाठी जमीन घेताना हा हिस्सा साडेबावीस टक्क्यांवर गेला. आणि २०१३ साली संसदेने १८९४ चा कायदा रद्द करून नवा भूसंपादन कायदा केला, तेव्हा त्यात लिहिले गेले की शहरीकरणासाठी जमीन घेतली तर विकसित जमिनीतला वीस टक्के भाग जमीनमालकांसाठी राखून त्यांना देऊ करावा; त्यासाठी संपादनाचा आणि विकासाचा खर्च मात्र त्यांनी भरायचा. दि. बा. २४ जून २०१३ रोजी गेले. तो कायदा सप्टेंबरात झाला. तीन महिन्यांनी चुकामूक झाली.

बर्फाच्या मुलुखातला सोबती

कुणाला वाटेल, हे फक्त आपल्याकडचे दुखणे. तर जरा लांब जाऊ. अमेरिकेच्या अलास्का प्रांतात अगदी उत्तरेला, बर्फाच्या समुद्राकाठी, इनुइट लोक राहतात. देवमासा, सील आणि रेनडिअर यांवर त्यांचे जगणे. १९६८ साली तिथे प्रचंड तेल सापडले. तेल कंपन्या आल्या, नळ टाकायचे ठरले. त्या लोकांत एबेन हॉप्सन नावाचा माणूस होता. जन्म १९२२, म्हणजे दि. बां.पेक्षा तीन वर्षांनी मोठा. तोही कायदेमंडळात निवडून गेलेला. १९७१ साली अमेरिकन सरकारने तिथल्या मूळ रहिवाशांचे हक्क मिटवताना सुमारे साडेचार कोटी एकर जमीन आणि शहाण्णव कोटी डॉलर दिले. आकडा डोळे दिपवणारा. पण उत्तरेच्या इनुइट संघटनेने या तोडग्याला विरोध केला, कारण तेल त्यांच्या अंगणात होते आणि ते कायमचे वाहून जाणार होते.

मग हॉप्सनने काय केले? १९७२ साली त्याने आपल्या लोकांची स्थानिक स्वराज्य संस्था उभी केली आणि तिचा पहिला महापौर झाला. त्या संस्थेला मालमत्ता कर लावण्याचा अधिकार होता. तेल कंपन्यांच्या यंत्रांवर, कारखान्यांवर, नळांवर तिने कर बसवला. कंपन्या कोर्टात गेल्या, पण संस्था टिकली आणि करही टिकला. त्या पैशातून गावोगाव शाळा झाल्या. त्याआधी माध्यमिक शिक्षणासाठी पोरांना आईबापांपासून शेकडो कोस दूर पाठवत असत. १९७७ साली त्याने वेगवेगळ्या देशांतल्या इनुइट लोकांची पहिली परिषद आपल्या गावी भरवली. १९८० साली तो वारला.

हॉप्सन आणि दि. बा. एकमेकांना भेटले नाहीत. एक बर्फातला, एक खारेपाटातला. पण दोघांनी एकच ओळखले : एकरकमी पैसा हा निरोपाचा नारळ असतो. जे वाहून नेले जाते त्यावर कायमचा हक्क राखला पाहिजे. दि. बां.नी तो विकसित जमिनीच्या रूपाने मागितला, हॉप्सनने कराच्या रूपाने. आपल्या पाण्यावर, आपल्या विजेवर, आपल्या अंगावरून जाणाऱ्या रस्त्याच्या टोलवर मावळच्या ग्रामपंचायतींचा हिस्सा किती, हा प्रश्न आपण कधी विचारला आहे का?

जे राहून गेले

मोठ्या माणसाची आरती करून उठणे आपल्या सभेच्या रीतीत बसत नाही. म्हणून उणेही सांगतो.

एक, साडेबारा टक्के कागदावर आले, पण भूखंड हाती पडायला वर्षे लागली. वारसनोंदी नाहीत, भावाभावांचे वाद, मोजणीचे घोळ. त्या वर्षांत दलाल दारात आले. पोटाची गरज असलेल्या कित्येकांनी भूखंड मिळण्याआधीच तो हक्क बिल्डरला कवडीमोलाने विकला. हिस्सा मिळाला, पण सांभाळायची ताकद मिळाली नाही. दोन, तो भूखंड मालकीने नाही, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाला. जो पिढीजात मालक होता तो आपल्याच मातीवर सिडकोचा भाडेकरू झाला. तीन, हिस्सा ठरतो सातबाऱ्यावरून. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, मग तो कातकरी असो, ठाकर असो, मिठागरातला मजूर असो की मालकाच्या घरची लेकसून असो, त्याचा आवाज या हिशेबात बारीक राहतो. आणि चौथे, ज्या पक्षात आयुष्य घातले तो सोडून दि. बा. उतारवयात शिवसेनेत गेले. त्याचे दुःख त्यांच्या जुन्या सोबत्यांना झाले. पण पक्ष बदलला तरी प्रश्न त्यांनी सोडला नाही, हे त्यांच्या विरोधकांनीही मानले.

२०२२ साली विधिमंडळाने नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे असा ठराव केला. त्याआधी २०२१ साली त्या मागणीसाठी खाडीकाठची गावे मानवी साखळी करून रस्त्यावर उभी राहिली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. दहा गावे उठवून ती धावपट्टी झाली आहे. नावाचा मान मोठाच, पण दि. बां.चे खरे स्मारक पाटीवर नाही. ते त्या शेतकऱ्याच्या घरात आहे, ज्याने आपले साडेतीन गुंठे विकले नाहीत.

मावळाने काय घ्यावे

तेव्हा बंधूंनो, बहिणींनो, उद्या रिंगरोडची, वसाहतीची, नव्या धरणाची किंवा नळाची नोटीस आपल्या चावडीवर लागेल. त्या दिवशी काय करायचे ते आज ठरवू. पहिले काम घरचे : वारसनोंदी आणि फेरफार आजच करून घ्या, बायकांची नावे सातबाऱ्यावर चढवा. दुसरे : नोटीस आली की एकेकट्याने तलाठ्याकडे किंवा दलालाकडे जायचे नाही, गावाने मिळून वकिलाकडे जायचे. हरकत मुदतीत आणि लेखी. तिसरे : भाव किती, हा आपला शेवटचा प्रश्न असावा. पहिला प्रश्न असावा, 'या जमिनीची खरोखर गरज आहे का?' आणि दुसरा, 'गरज असेल तर त्यात आमचा हिस्सा किती, मालकीचा की भाड्याचा, आणि कोणत्या तारखेपर्यंत?' तारीख लिहून घेतल्याशिवाय मोजणीची दोरी शेतात पडू द्यायची नाही.

जासईच्या शेतकऱ्याच्या पोराने वकिलीचा काळा कोट, विधानसभेचे बाक आणि दास्तान फाट्याचा रस्ता, तिन्ही एकाच कामाला लावले. आपल्या मावळात आज वकील झालेली पोरे-पोरी आहेत, सरपंच झालेल्या बहिणी आहेत, आणि रस्त्यावर उतरायची हिंमत तर आपण दाखवलेलीच आहे. तिघांनी एका बाकावर बसायचे तेवढे राहिले आहे.